अक्काच्या फोनमधले दोन कप्पे

माझ्या हातून एका दुपारी तीनशे बारा माणसांना आमंत्रण गेलं, आणि तेही दुसऱ्याच्या घरचं. इतरांच्या हातून चहा सांडतो, फार तर स्कूटर घसरते. माझं सगळं पद्धतशीर असतं. या आमंत्रणामागे माझी दीड महिन्याची मेहनत होती, जळगाव ते धुळे असे रोजचे व्हिडिओ कॉल होते आणि बटणाच्या हिरव्या रंगाच्या अकरा छटा मी उन्हात आणि सावलीत तपासून पाहिल्या होत्या.

आधी माझा धंदा सांगतो. पंचवीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले, तेव्हा फ्लेक्सवर वाढदिवसाचे पुढारी चिकटवले. एकावन्नाव्या वर्षी तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला आणि यूएक्स डिझायनर झालो. म्हणजे काय, हे कॉलनीत रोज कोणीतरी विचारतं, म्हणून एक वाक्य पाठच करून ठेवलंय: फोनवरची कुठलीही वस्तू वापरताना माणसाला डोकं धरून बसावं लागू नये, अशी तिची मांडणी करणं. हे वाक्य पहिल्यांदा ऐकून माझी बायको दिपमाला म्हणाली, "मग आधी आपल्या मोरीच्या नळाचं करा. तीन वर्षं डोकं धरून बसलेय मी." त्यानंतर घरात मी हा विषय काढत नाही.

हे काम आलं ते अक्कामुळे. कोकिळाअक्का ही माझी थोरली बहीण. धुळ्याला देवपुरात एकटी राहते. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नोकरीला सुरतेत. अक्का उडदाचे पापड, कुरडया आणि बिबडे करून विकते. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. भाजले की घरभर वास सुटतो आणि शेजारचे उगाचच काहीतरी मागायला येतात. तिची गिऱ्हाइकं अमळनेरपासून दोंडाईच्यापर्यंत पसरलेली आणि सगळी फोनमध्ये नात्यानं नोंदवलेली: झुलालभाऊ अमळनेर, बेबाबाई दोंडाईचा. गिऱ्हाईक हा शब्द ती त्यांच्या तोंडावर कधी काढत नाही.

धुळ्यातल्याच सुयश नावाच्या इंजिनिअरनं लहान विक्रेत्यांसाठी 'विक्रीमित्र' नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. त्याला गिऱ्हाइकांची यादी दिली की त्यातला एआय ज्याला त्याला आपणहून संदेश लिहून पाठवतो. अक्कानं ते घेतलं. आठवड्याच्या आत झुलालभाऊंच्या फोनवर संदेश पडला: 'प्रिय मूल्यवान ग्राहक, कुरकुरीत क्षण आपली वाट पाहत आहेत. संधी दवडू नका!' झुलालभाऊंनी लगेच फोन केला, "अक्का, तुना फोन कोनी चोरी लई गया का?" ते निदान फोन करून मोकळे झाले. बाकीच्यांनी ठरवून टाकलं की कोकिळाअक्कानं धंदा कुणा कंपनीला विकला, आता तिकडे जाण्यात अर्थ नाही. हंगामाचा पहिला महिना गेला आणि वीस-वीस वर्षं येणारी माणसं फिरकली नाहीत.

अक्का तडक सुयशच्या ऑफिसचे दोन जिने चढून गेली आणि म्हणाली, "मना भाऊ शे जळगावले. त्यो हाईज काम करस. त्याले सांग."

सुयश गुणी मुलगा. त्यानं मला काम दिलं आणि एकच गोष्ट बजावली. "काका, कोर्सात पहिला धडा काय असतो? वापरणाऱ्याच्या घरी जायचं. अक्का कशा बसतात, फोन कुठे ठेवतात, हात कशात असतात, सगळं बघायचं. एकदा धुळ्याला या."

"अरे, व्हिडिओ कॉलवर दिसतं की," मी म्हणालो. जळगाव-धुळे म्हणजे एसटीनं अडीच तास, परतीचे वेगळे. आणि त्या दिवसांत मला फार काम होतं. कसलं, ते आता आठवत नाही.

इथे मध्येच एक गोष्ट सांगून ठेवतो. या कामाशी तिचा काही संबंध नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. पण त्या आपल्या पायांनी येत नाहीत, भावानं आणायला जायचं असतं. त्याला मुराळी म्हणतात. आई होती तोवर आठ दिवस आधीपासून मला ढकलायची आणि मी जायचो. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी दर आखाजीला न चुकता अक्काला फोन करतो, "अक्का, ये गं." अक्का म्हणते, "देखसू," म्हणजे बघते. आणि येत नाही. हंगामाचे दिवस, सवड नसेल, अशी मी समजूत करून घेतली होती. दिपमाला दर वर्षी काही बोलायला तोंड उघडायची, नेमकं तेव्हाच मला बाहेर काम निघायचं.

तर काम सुरू झालं. जुन्या पडद्यावर बत्तीस बटणं होती आणि एक आलेख होता, तो नेहमी खाली जायचा. अक्का फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्यामुळे मला तिच्या घराचा पंखा उत्तम दिसायचा. मी शास्त्रशुद्ध प्रश्न विचारायचो.

"अक्का, हे निळं बटण बघून तुला काय वाटतं?"

"माले वाटस, तू बारीक व्हई गया."

मी वहीत लिहिलं: 'वापरणारी व्यक्ती विषयांतर करते.'

फार दिवसांत न फिरकलेल्या गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर 'थंड' म्हणत असे. हा शब्द या धंद्यात सगळीकडे चालतो. अक्का भडकली. "माणूस थंडा व्हयना म्हंजे मरना ना रे भाऊ! शुभ बोल. मना हिशोब सोपा शे. दोनज जाती. ज्या उनात, आनि ज्या उनात नही." आले ते आले, न आले ते न आले. हे ऐकून मी उडालोच. बत्तीस बटणं, सहा याद्या आणि तो खाली जाणारा आलेख काढून मी पडद्यावर दोनच कप्पे ठेवले: 'उनात' आणि 'उनात नही'. माणूस दारात आला की अक्कानं त्याचं नाव बोटानं एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवायचं. खाली एक मोठं हिरवं बटण, ते दाबलं की 'उनात नही'तल्यांना निरोप जाणार. निरोप जाण्याआधी 'खात्री आहे का?' असा प्रश्न येई, तोही अक्काच्या सांगण्यावरून काढला. "एकदाव सांगं ना. परत परत काय ईचारस? मास्तर शे का त्यो?" ती म्हणाली होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

मधल्या काळात कॉलनीत बातमी फुटली होती की मी बटणं काढतो. वरच्या मजल्यावरच्या कुंदाबाई खाली येऊन म्हणाल्या की हिरवा म्हणजे कैरीचा हिरवा हवा, पोपटी नको, पोपटी दिसला की माणसाला उन्हाळा लागतो. आणि शेजारचे जीवरामनाना. एसटीत तेहेतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बेल कुठे आहे?"

"कसली बेल?"

"गाडी कधी थांबवायची हे ड्रायव्हरला कसं कळणार? एक बेल म्हणजे थांब, माणूस उतरतोय. दोन बेल म्हणजे जाऊ दे. तुझ्या त्या एआयला कोण सांगतं, कधी थांबायचं आणि कधी जायचं?"

खरं सांगतो, तीन महिन्यांच्या कोर्सात इतकं स्पष्ट मला कोणी सांगितलं नव्हतं. नाना स्वतः कुठूनसा जुना दोर आणि घंटा घेऊन आले आणि आम्ही गच्चीवर आवाज टिपले. निरोप निघाले की दोन बेल. कोणी येऊन त्याचं नाव 'उनात'मध्ये सरकलं की एक बेल.

आता राहिला निरोपाचा मजकूर. एआयला विक्रेत्याच्या बोलण्याचा एक नमुना द्यायचा, मग तो तसंच प्रत्येकाशी बोलतो, पुरुषाला पुरुषासारखं, बाईला बाईसारखं. मी अक्काला म्हणालो, "समज, एक माणूस आहे. आधी नेमानं यायचा. आता येत नाही. त्याला तू काय म्हणशील? तुझ्या बोलीत बोल, मी रेकॉर्ड करतो."

लाटण्याचा आवाज थांबला. अक्कानं फोन डब्यापासून उचलला, त्यामुळे पंख्याऐवजी पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला. केस बरेच पांढरे झाले होते. थोडा वेळ ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, नेटवर्क अडकलं. मग ती बोलली.

"भाऊ, कितला दिन झायात, तू उना नही. वाट देखी देखी मना डोया थकी गयात. फोन नको करू. आखाजी शे. ये."

"वा!" मी ओरडलो. "अक्का, फर्स्ट क्लास! फक्त ते 'फोन नको करू' विक्रीच्या दृष्टीनं जरा अडचणीचं आहे."

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "त्येज महत्त्वानं शे."

सुयशनंही डोक्याला हात लावला. त्याच्या मते जगातला प्रत्येक विक्रीचा संदेश 'आजच फोन करा' असा संपतो. पण अक्का हटेना. शिवाय हा मजकूर ज्या अ‍ॅपवरून जाणार होता, त्या अ‍ॅपच्या कंपनीकडून तो मंजूर व्हावा लागतो. फॉर्ममध्ये भाषा निवडायची होती. अहिराणी यादीतच नाही. मराठी निवडली, तर उत्तर आलं की मजकूर निवडलेल्या भाषेत नाही. गुजराती निवडली, तर लिपी जुळत नाही. हिंदी निवडली, तेव्हा कळवलं की मजकुरात डोळ्यांच्या विकाराचा उल्लेख असल्यामुळे वैद्यकीय जाहिरातीचा परवाना जोडावा. पाच दिवस मी या फॉर्मशी झगडलो. शेवटी 'इतर' निवडून कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माझी बहीण असंच बोलते.' बारा मिनिटांत मंजूर झालं.

मग चाचण्या. 'उनात नही'च्या यादीत सगळ्यात वर नाव होतं 'भाऊ जळगाव', आणि नंबर माझा. चाचणीसाठी आपण होऊन भावाचा नंबर घालून ठेवायचं अक्काला सुचावं, याचं मला फार कौतुक वाटलं. मी स्वतःच्या नावावर तो निरोप सत्तेचाळीस वेळा पाठवला आणि सत्तेचाळीस वेळा वाचला. ओळींमधलं अंतर जरा जास्त वाटत होतं. ते कमी केलं आणि आखाजीच्या आठ दिवस आधी, दुपारचं जेवण झाल्यावर, अठ्ठेचाळिसाव्यांदा हिरवं बटण दाबलं. फक्त माझंच नाव निवडायचं विसरलो. आणि 'खात्री आहे का?' असं विचारणारा आता कोणी उरला नव्हता.

टण्ण टण्ण. गाडी सुटली. तीनशे बारा जणांना निरोप गेला.

मी घाम पुसत अक्काला फोन लावला, झाला प्रकार सांगितला, माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "मंग? त्यात खोटं काय शे?"

दोन दिवस कोणाचाही फोन नाही. एकही ऑर्डर नाही. नसणारच, फोन करू नका म्हणून आम्हीच कळवलं होतं. सुयश मला धीर देत होता आणि त्याचाच आवाज कापत होता. माझ्या डोळ्यांपुढे जुन्या पाट्यांचे ब्रश दिसायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी लोक येऊ लागले. मला व्हिडिओ कॉलवर पंखा दिसत होता आणि आवाज ऐकू येत होते. पहिले झुलालभाऊ, अमळनेरहून, हातात टरबूज. दारातूनच सांगू लागले, "अक्का, मी आजारी व्हतू, म्हनीसन उनू नही. राग धरू नको." गिऱ्हाईक दुकानदाराला न आल्याचं कारण देतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. दोंडाईच्याहून बेबाबाई आल्या, त्यांनी तर अक्काच्या गळ्यात पडून रडूनच घेतलं. "इतलं तर मना सख्खा भाऊबी कधी बोलना नही," त्या म्हणाल्या. रिकाम्या हातानं कोणी आलं नाही. कैऱ्या आल्या, शेंगा आल्या, एक जण कोंबडी घेऊन आला, ती अक्कानं परत पाठवली. पापड संपले, बिबडे संपले, तरी लोक ओट्यावर बसून होते. फोनवर एकेक बेल वाजत होती, टण्ण, टण्ण, आणि 'उनात नही'चा कप्पा रिकामा होत चालला होता.

सुयश हरखून गेला. त्यानं उत्साहात तोच मजकूर धुळ्यातल्या एका टायरच्या दुकानाला दिला. कोणी आलं नाही. एक जण तेवढा मालकाची तब्येत विचारायला आला. "काका, शब्द तेच, बटण तेच. मग असं का?" सुयशनं विचारलं. मी विचारपूर्वक सांगितलं की टायरवाल्यानं पोपटी हिरवा वापरला असणार.

आखाजीला दोन दिवस उरले तेव्हा अक्काचा फोन आला. ती आपण होऊन फोन करत नाही, म्हणून मी स्पीकर लावला. दिपमाला तिथेच कैरी किसत होती.

"भाऊ, बठ्ठा उनात. एकज नाव राही गये. त्ये काही निंघत नही. तुनं मशीन बिघडनं का?"

"मशीन ठीक आहे अक्का. कोणाचं नाव?"

"शे एक. जळगावना."

मी पडदा उघडून पाहिला आणि हसलो. "अगं, ते 'भाऊ जळगाव' ना? ते चाचणीचं नाव आहे, खरं गिऱ्हाईक नाही. मी इथूनच काढून टाकतो."

 मग अक्का म्हणाली, "काढी टाक मंग," आणि फोन बंद झाला.

किसणी थांबली होती. दिपमाला माझ्याकडे अशी बघत होती, की मला वाटलं नळाचा विषय निघणार.

"तो निरोप जरा मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

"कशाला? पाठ आहे मला."

"वाचा."

मी वाचायला लागलो. सत्तेचाळीस वेळा डोळ्यांनी वाचलेलं मी पहिल्यांदाच कानांनी ऐकत होतो. भाऊ, कितला दिन झायात, तू उना नही. आवाज माझा होता, तरी मला समोर लाटणं थांबवून बघणारी अक्का दिसली. 'फोन नको करू'पाशी आलो आणि पुढचं वाचता येईना. सहा वर्षं मी फोनच करत होतो. त्या निरोपातला माणूस 'समज, एक माणूस आहे'मधला नव्हताच, तो मीच होतो. अमळनेरच्या झुलालभाऊंना ते कळलं, बेबाबाईंना कळलं, अख्ख्या धुळे जिल्ह्याला कळलं. ज्याच्यासाठी बोललं होतं तो ओळींमधलं अंतर मोजत बसला होता. मला माझीच इतकी लाज वाटली, की मी उठून मोरीत गेलो आणि तोंड धुतलं. नळ नेहमीप्रमाणे बंद होईना.

"सहा वर्षं हेच सांगायला तोंड उघडत होते मी," दिपमाला दारातून म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "आणायला गेल्याशिवाय लेक येत नसते हो. साठीची झाली तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीत बसलो. दिपमालानं पिशवीत आंबे आणि नवं लुगडं दिलं होतं. जीवरामनाना स्टँडपर्यंत आले आणि खिडकीजवळची जागा त्यांनी स्वतः रुमाल टाकून धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. अक्काला काय म्हणायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, आणि काहीच धड जमत नव्हतं.

अक्का ओट्यामागच्या खोलीत पोळपाटापाशी बसली होती. पाठ दाराकडे. "कितला किलो लिखू?" तिनं न बघताच विचारलं.

"अक्का," मी म्हणालो, "तुला न्यायला आलोय."

ती वळली. हात पिठानं भरलेले. मनगटानं डोळे पुसले, तरी पीठ गालाला लागलंच. "पानी पी आधी," ती म्हणाली, "मंग बोल." मी पाणी प्यालो. दोन तांबे प्यालो.

"चुकलो गं," शेवटी एवढंच म्हणालो.

"व्हय," अक्का म्हणाली. चुकलास रे, पण असू दे, वगैरे काही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं.

मग तिनं पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनकडे हात केला आणि बोटानं नाव सरकवायला गेली. नाव हललं नाही. पिठाच्या बोटाला पडदा दाद देत नव्हता. "हाई रोजनंज शे," अक्का म्हणाली, "मी कोपरं लावस." दीड महिना माझी बहीण कोपरानं माणसं सरकवत होती आणि मी जळगावात बसून हिरव्या रंगाच्या छटा बघत होतो. पहिल्या दिवशी इथे आलो असतो तर पहिल्या दिवशी दिसलं असतं.

"तूज सरकाव," ती म्हणाली.

मी हात पुसले आणि 'भाऊ जळगाव' एका कप्प्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलं. टण्ण, एकच बेल झाली. 'उनात नही'च्या कप्प्यात आता काहीच उरलं नव्हतं.

"दुपारची गाडी आहे," मी म्हणालो. "तयारीला वेळ लागेल का तुला?"

अक्का हात धुऊन आली आणि दाराआडची पिशवी तिनं उचलली. ती भरलेलीच होती. कधीपासून, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिनं खिडकी लावली, दाराला लावायचं कुलूप हातात घेतलं. फोन तसाच डब्याला टेकलेला होता.

"अक्का, फोन राहिला."

"ऱ्हाऊ दे घरमा," अक्का म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "आते कोनले बलावनं शे?"